न दुखणारा चट्टा

पंचांगांत जशीं व्रतें तिथीवार दिलेलीं असतात, तसें आतां आरोग्याचेंही एक निराळें पंचांग तयार झालें आहे. ७ एप्रिल हा जागतिक आरोग्य दिन; इ. स. १९४८ मध्यें त्या तारखेस जागतिक आरोग्य संघटनेची घटना अमलांत आली, म्हणून तो नेमला गेला. २४ मार्च हा क्षयरोगाचा दिवस, इ. स. १८८२ मध्यें त्या दिवशीं रॉबर्ट कॉख यांनीं क्षयाचा जंतु सांपडल्याचें बर्लिन येथें जाहीर केलें. १४ नोव्हेंबर हा आपल्याकडे बालदिन, पण तोच मधुमेहाचाही दिवस, कारण इन्सुलिनच्या शोधकांपैकीं फ्रेडरिक बँटिंग यांचा तो जन्मदिवस. याखेरीज एड्सचा, कर्करोगाचा, दृष्टीचा, हृदयाचा असे कितीतरी. दिवस इतके वाढले म्हणजे त्यांचें अप्रूप कमी व्हावें हें ओघानेंच आलें. प्रभातफेरी निघते, फळ्यावर रंगीत खडूनें अक्षरें काढतात, पाहुण्यांचें भाषण होतें, आभार मानले जातात, आणि दुसऱ्या दिवशीं फळा पुसला जातो. हें सारें निरर्थक आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु अमुक एका रोगास वर्षांतला एक दिवस तोडून कां द्यावा लागला, याचें उत्तर प्रत्येक रोगाच्या बाबतींत वेगळें असतें, आणि तें ठाऊक नसेल तर त्या दिवसाचा अर्थ हातीं लागत नाहीं. मधुमेहाच्या दिवशीं आहारविहार सांगावयाचा असतो. क्षयाच्या दिवशीं, खोकला दोन आठवडे हटला नाहीं तर थुंकी तपासून घ्या, असें सांगावयाचें असतें. ३० जानेवारीस आपल्या देशांत ज्या रोगाचा दिवस पाळतात त्याचें सांगणें मात्र विलक्षण आहे. जें दुखत नाहीं त्याचीच काळजी करा, असें तें सांगणें आहे.

हा रोग म्हणजे कुष्ठरोग. मागच्या पिढ्यांच्या तोंडीं महारोग हा शब्द होता. खेड्यापाड्यांतून रक्तपिती असेंही म्हणत. महारोग या नांवांत रोगाच्या थोरपणापेक्षां लोकांच्या भीतीचा थोरपणाच अधिक दिसतो. राउल फोलेरो या फ्रेंच लेखकानें इ. स. १९५४ मध्यें जानेवारीच्या अखेरच्या रविवारीं कुष्ठरोग्यांचा दिवस पाळण्याचा प्रघात पाडला, व जगांत पुष्कळ ठिकाणीं तो आजही त्याच रविवारीं पाळतात. भारतानें मात्र ३० जानेवारी ही तारीख कायम केली. कारण ती महात्मा गांधींची पुण्यतिथि, आणि गांधीजींचा या रोग्यांशीं आलेला संबंध केवळ व्यासपीठावरचा नव्हता. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे विद्वान येरवड्याच्या तुरुंगांत त्यांच्या वेळीं बंदी होते. त्यांस या रोगानें गांठलें. पुढें ते सेवाग्रामास आले, तेव्हां गांधीजींनीं आपल्या कुटीजवळच त्यांची राहण्याची सोय करविली, आणि ते स्वतः आपल्या हातांनीं शास्त्रीबोवांचें अंग चोळून देत. ज्या काळीं या रोगावर खात्रीचें औषध नव्हतें, त्या काळची ही गोष्ट आहे, हें ध्यानांत ठेवावें.

मिशनशाळेंतील विद्यार्थ्यांस या रोगाची पहिली ओळख बहुधा बायबलच्या तासालाच होते. लेवीय या पुस्तकाच्या १३ व्या व १४ व्या अध्यायांत याजकानें रोग्याची तपासणी कशी करावी, त्याला सात दिवस वेगळा ठेवून पुन्हां कसें पाहावें, आणि व्याधि ठरली तर त्यानें वस्तीबाहेर एकटें कसें राहावें, याचे सविस्तर नियम आहेत. मात्र तोच भाग लक्ष देऊन वाचला तर एक चमत्कारिक गोष्ट आढळते. तीच व्याधि लोंकरीच्या वस्त्रास, कातड्यास आणि घराच्या भिंतीसही जडते असें तेथें लिहिलें आहे. आज ज्यास आपण कुष्ठरोग म्हणतों तो भिंतीस जडत नाहीं. अर्थात् तेथील मूळ इब्री शब्द त्वचेच्या अनेक विकारांस, आणि बुरशीसारख्या डागांसही लावीत असत, असें पंडितांचें मत आहे. तरीही त्या नियमांचा आधार घेऊन युरोपांत मध्ययुगामध्यें हजारों माणसांस गांवाबाहेर घालविलें गेलें. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ८ व्या अध्यायांतील प्रसंग मात्र त्याच्या नेमका उलट आहे. तेथें येशूनें हात पुढें करून रोग्यास स्पर्श केला, आणि तो स्पर्श रोगी शुद्ध झाल्यानंतरचा नव्हे, आधींचा आहे. हा क्रम वाचतांना आपल्या नजरेंतून सहज निसटतो.

शास्त्राची वाट उघडली ती नॉर्वे देशांत. एकोणिसाव्या शतकांत त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर हा रोग इतका होता कीं बेर्गेन या शहरांत त्याच्यासाठीं स्वतंत्र रुग्णालयें होतीं. तेथील नामांकित वैद्य डॅनियलसेन यांचें मत असें कीं हा रोग आनुवंशिक आहे. बापाचा मुलास येतो. त्यांचेच जावई गेर्हार्ड आर्मौर हॅन्सन यांनीं इ. स. १८७३ मध्यें रोग्याच्या गांठींतील रस सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला व त्यांत काडीसारखे बारीक जंतु दाखविले. रोग रक्तांतून नव्हे, जंतूंतून येतो, हें प्रतिपादन सासऱ्याच्या मताविरुद्ध होतें, आणि तरी तेंच खरें ठरलें. म्हणून या रोगास हॅन्सनचा रोग असेंही म्हणतात. थोर शोधकांच्या चरित्रांतील एक गोष्ट मुलांच्या पुस्तकांत सहसा येत नाहीं, ती येथें सांगतों. आपला सिद्धांत पुरा करण्याच्या उत्कंठेनें हॅन्सन यांनीं एका रोगी बाईच्या डोळ्यांत, तिची संमति न घेतां, दुसऱ्या रोग्याचा रस टोंचला. त्यावर खटला झाला, आणि इ. स. १८८० मध्यें न्यायालयानें त्यांस रुग्णालयांतील जागेवरून दूर केलें. कुष्ठरोग्याची संमति घेण्याचें कारण नाहीं, ही समजूत त्या काळीं केवळ अडाण्यांत नव्हती.

हॅन्सन यांस तो जंतु प्रयोगशाळेंत वाढवितां आला नाहीं. नवल हें कीं, तो आजपर्यंत कोणासही कांचेच्या बशींतील कृत्रिम अन्नावर वाढवितां आलेला नाहीं. इ. स. १९६० मध्यें उंदराच्या पंजांत, आणि १९७१ मध्यें अमेरिकेंतील आर्माडिलो नांवाच्या खवल्यांच्या कवचाच्या प्राण्यांत तो वाढतो असें दिसून आलें, आणि तेव्हांपासून औषधांच्या परीक्षेस गति आली. हा जंतु अतिशय मंद आहे. नेहमींचे कित्येक जंतु अर्ध्या तासाच्या आंत एकाचे दोन होतात. याला त्यासाठीं सुमारें दोन आठवडे लागतात. त्यामुळें शरीरांत शिरल्यापासून रोग दिसूं लागेपर्यंत सरासरी पांच वर्षें, आणि कधीं कधीं वीस वर्षेंही जातात. आपल्याला रोग कोणापासून लागला हें रोग्यास ठाऊक नसतें याचें कारण हेंच. उपचार न घेतलेल्या रोग्याच्या नाकातोंडांतील तुषारांवाटे, आणि तेंही दीर्घकाळच्या निकट सहवासानें, तो पसरतो. हस्तांदोलनानें, एका बाकावर बसल्यानें किंवा एका पंक्तीस जेवल्यानें तो लागत नाहीं. शिवाय शंभरांतील सुमारें पंचाण्णव माणसांच्या अंगीं त्याचा प्रतिकार करण्याची शक्ति निसर्गतःच असते. सांसर्गिक रोगांत इतका दुबळा रोग विरळा. आणि ज्याची लोकांनीं इतकी धास्ती घेतली असा तर त्याहूनही विरळा.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. या जंतूला शरीराचा थंड भाग मानवतो. म्हणून तो त्वचेंत, नाकांत, कानाच्या पाळींत आणि त्वचेच्या जवळून जाणाऱ्या मज्जातंतूंत वस्ती करतो. कोपर दाराच्या चौकटीवर आपटलें म्हणजे करंगळीपर्यंत झिणझिणी जाते, हें प्रत्येकानें अनुभविलें असेल. तेथें जो तंतु हाडाला लागून अगदीं वरून जातो, त्यावर या जंतूचा विशेष डोळा. तसाच गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा एक, आणि घोट्याच्या आंतल्या बाजूचा एक. तंतु सुजतो, दाबला जातो, आणि त्या तंतूच्या हद्दींतील जाणीव बोथट होत जाते. पुढें स्नायूंचीही शक्ति जाते. बोटें आंत वळतात, पाऊल उचलत नाहीं, डोळ्याची पापणी मिटत नाहीं.

सुरुवातीस बहुधा एकच खूण असते. अंगावर फिकट किंवा किंचित् तांबूस चट्टा उठतो. त्यावर घाम येत नाहीं, लव विरळ होते. त्याला खाज नसते, आग नसते, ठणका नसतो. डोळे मिटून बसावें आणि दुसऱ्यानें कापसाच्या वातीनें हलकेंच शिवावें. जेथें शिवलें तें बोट ठेवून दाखवितां आलें नाहीं तर संशयास जागा आहे. परंतु प्रत्येक रोग्याची जाणीव आरंभींच जाते असें नाहीं. एका प्रकारांत चट्टे पुष्कळ व अस्पष्ट असतात, त्वचा तेलकट चकाकते, कानाच्या पाळ्या जाड होतात, आणि स्पर्श मात्र कळत असतो. म्हणून घरची परीक्षा ही संशय घेण्यापुरती, निर्णय डॉक्टरांचा.

येथें दुसऱ्या एका गैरसमजाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. कोड आणि कुष्ठरोग यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध नाहीं. कोडामध्यें त्वचेचा रंग जातो. डाग खडूसारखा पांढरा असतो, स्पर्श पूर्ण शाबूत असतो, आणि तें कोणापासून कोणास लागत नाहीं. आपल्याकडे त्यालाच पांढरें कुष्ठ म्हणण्याची चाल पडली, आणि त्या एका शब्दापायीं कित्येक निरोगी मुलामुलींना वर्गांत बाकाच्या टोकाला बसावें लागलें. २५ जून हा कोडाचाही स्वतंत्र दिवस आहे. त्याचें निम्में काम हा शब्द सुटण्यानेंच होईल. पावसाळ्यांत पाठीवर व मानेवर येणारीं शिबें हीही वेगळीच. ती बुरशी आहे, औषधानें जाते.

कुष्ठरोगानें बोटें झडतात, असें आपण ऐकत आलों. तें खरें नाहीं. पण तें खरें नाहीं हें सिद्ध होण्यास विसावें शतक अर्धें उलटावें लागलें. तमिळ प्रदेशांतील कोल्ली डोंगरांत मिशनरी आईबापांच्या पोटीं इ. स. १९१४ मध्यें जन्मलेले पॉल ब्रँड हे शस्त्रवैद्य १९४६ मध्यें वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत आले. चिंगलपट येथील कुष्ठरुग्णालय पाहतांना तेथील वळलेले हात त्यांनीं निरखले, आणि इतक्या हातांकडे कोणी शस्त्रवैद्यानें अद्याप लक्ष कसें दिलें नाहीं याचें त्यांस आश्चर्य वाटलें. एका रोग्यास त्यांनीं आपला हात दाबावयास सांगितला, तों तो हात इतका जोरकस निघाला कीं त्यांना कळ आली; रोग्यास मात्र आपण किती जोर लावला हें कळलें नव्हतें. पुढें एकदा कोठीच्या दाराचें गंजलेलें कुलूप ब्रँड यांच्यानें उघडेना. जवळच उभ्या असलेल्या एका लहान रोगी मुलानें किल्ली हातीं घेऊन ती सहज फिरविली. ब्रँड चकित झाले. पण तेवढ्यांत जमिनीवर रक्ताचा थेंब पडलेला त्यांस दिसला. मुलाचें बोट पाहिलें तों किल्लीनें मांस कापून हाड उघडें पडलें होतें, आणि मुलास त्याचा पत्ता नव्हता.

यावरून ब्रँड यांस जें उमगलें तें साधें आहे. आपण किल्ली फिरवितांना, चुलीवरचें भांडें उतरवितांना, वाळूंतून अनवाणी चालतांना, दुखूं लागतांच हात किंवा पाय आवरतों. वेदना ही आपली राखणदार आहे. ती गेली म्हणजे माणूस निखारा धरतो, खिळ्यावरून चालतो, फोड आलेल्या पायावर मैलच्या मैल तुडवितो. जखम चिघळते, हाडास लागते, आणि बोट आखूड होतें. रोग बोटें खात नाहीं. न दुखणाऱ्या जखमा तीं खातात. तरीही एक कोडें उरलें होतें. कांहीं रोग्यांचीं बोटें रात्रींतून नाहींशीं होत. पहारा ठेवला तेव्हां आढळलें कीं झोपलेल्या रोग्याचीं बोटें उंदीर कुरतडतात आणि रोगी जागा होत नाहीं. तेव्हांपासून तेथून घरीं जाणाऱ्या रोग्यांबरोबर मांजर देण्याची वहिवाट पडली. शस्त्रक्रियेनें धडधाकट स्नायूचा दोर वळवून मिटलेली बोटें उघडण्याची ब्रँड यांची विद्या जगभर गेली. पण मला विचाराल तर तें मांजर त्या विद्येपेक्षां तसूभरही कमी महत्त्वाचें नव्हतें. हवाई बेटांतील मोलोकाई येथें रोग्यांच्या सेवेस इ. स. १८७३ मध्यें, म्हणजे हॅन्सन यांच्या शोधाच्याच वर्षीं, गेलेले बेल्जियमचे फादर डॅमियन यांनाही आपणास रोग जडल्याचें असेंच कळलें असें सांगतात: कढत पाण्यांत पाय पडला, कातडी भाजली, आणि दुखलें नाहीं. इ. स. १८८९ मध्यें ते त्याच रोगानें निवर्तले.

औषधाची कथा थोडक्यांत सांगतां येते. शेंकडों वर्षें आशियांत चौलमुग्रा व त्याच्या जातभाईंच्या बियांचें तेल वापरीत. आपल्या सह्याद्रींत होणाऱ्या कडू कवठाचें तेल त्यांतलेंच. तें पोटांत घेतलें तर मळमळे, टोंचलें तर दुखे, आणि गुण आला तरी बेताचा. इ. स. १९४१ मध्यें अमेरिकेंतील कारव्हिल येथें सल्फोन जातीचें औषध प्रथम लागू पडलें, आणि लौकरच डॅप्सोनची स्वस्त गोळी आली. पण एकच औषध वर्षानुवर्षें दिल्यानें जंतु त्यास दाद देईनासे झाले. म्हणून इ. स. १९८१ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन व डॅप्सोन हीं एकत्र देण्याची शिफारस केली. हाच तो बहुविध औषधोपचार. रोगाच्या प्रकाराप्रमाणें सहा किंवा बारा महिने तो घ्यावा लागतो, आणि सरकारी दवाखान्यांत त्याला एक पैसाही पडत नाहीं. औषध सुरू होतांच थोड्याच दिवसांत रोगी दुसऱ्यास रोग देण्याजोगा राहत नाहीं. मध्येंच अंगावर लाल गांठी उठल्या, एखादा तंतु ठणकूं लागला किंवा हाताची शक्ति एकाएकीं कमी झाली, तर औषध बाधलें असें समजून तें सोडूं नये, तत्काळ डॉक्टरांकडे जावें. ती मेलेल्या जंतूंविरुद्ध शरीराचीच उसळी असूं शकते, आणि तिच्यावर वेगळा इलाज आहे. क्लोफाझिमिननें त्वचा काळवंडते. ती पुढें पूर्ववत् होते. पण शेजारणीनें तोंडाचा रंग पाहून कांहीं विचारूं नये म्हणून गोळ्या बंद करणारे रोगी असतात, हें दवाखान्यांतील कोणीही सांगेल.

महाराष्ट्रांत या कामाचीं मुळें खोल गेलेलीं आहेत. आयर्लंडचे वेल्स्ली बेली हे इ. स. १८६९ मध्यें पंजाबांत अंबाला येथें मिशनशाळेंत शिक्षक म्हणून आले; तेथल्या अमेरिकन मिशनच्या आश्रयास असलेले रोगी पाहून त्यांचें आयुष्यच बदललें, आणि १८७४ मध्यें कुष्ठरोग्यांसाठींची मिशनसंस्था निघाली. मिरज, पोलादपूर, परतवाड्याजवळचें कोठारा, या ठिकाणच्या कामाशीं मिशनांचें नांव जोडलेलें आहे. मुंबईंत माटुंग्याचें रुग्णालय इ. स. १८९० मध्यें निघालें तें म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बुथनॉट अ‍ॅक्वर्थ यांच्या खटपटीनें. मराठीच्या विद्यार्थ्यांस हें नांव दुसऱ्या कारणानें माहीत असावयास हवें. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साह्यानें १८९१ मध्यें ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध करणारे अ‍ॅक्वर्थ तेच. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहर दिवाण यांनीं १९३६ मध्यें, अमरावतीस तपोवनांत शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ मध्यें, आणि वरोऱ्यास बाबा आमटे यांनीं १९४९ मध्यें कुष्ठसेवेची संस्था उभी केली. आनंदवनाची कीर्ति सर्वांस ठाऊक आहे, म्हणून येथें विस्तार करीत नाहीं.

मात्र या आश्रमांचा इतिहास नुसत्या गौरवानें सांगून चालणार नाहीं. औषध नसतांना अन्न, निवारा आणि जखम बांधणारा हात तेथेंच मिळाला, हें खरें. पण मिशनांच्या जुन्या आश्रमांत पुरुष व बायका वेगळ्या ठेवीत, आणि निरोगी लेंकरांस आईबापांपासून तोडून दुसऱ्या घरांत वाढवीत, हेंही तितकेंच खरें. दयाळू माणसेंच तें करीत होतीं. इ. स. १८९८ च्या कायद्यानें तर भीक मागणाऱ्या रोग्यास पकडून आश्रमांत कोंडण्याची मुभा दिली. तो कायदा पुस्तकांतून खोडला गेला तो २०१६ मध्यें, म्हणजे खात्रीचें औषध मिळाल्यावर पस्तीस वर्षांनीं. कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण मानण्याची तरतूद पांच निरनिराळ्या कायद्यांतून निघाली ती २०१९ मध्यें. त्यांत ख्रिस्ती लोकांस लागू असलेला १८६९ चा कायदाही होता. जंतु मारण्यास बारा महिने पुरतात. कायद्यांतले चार शब्द काढावयास एवढा काळ लागला.

डिसेंबर २००५ मध्यें भारतानें कुष्ठरोगाचें राष्ट्रीय पातळीवर दूरीकरण साधलें असें जाहीर झालें. या शब्दानें फार घोटाळा केला. दूरीकरण म्हणजे रोग नाहींसा होणें नव्हे. दर दहा हजार लोकसंख्येमागें उपचाराखालील रोगी एकाहून कमी, एवढाच त्याचा अर्थ. १९८३ च्या सुमारास हेंच प्रमाण दहा हजारीं सत्तावन्नांहून अधिक होतें, तेव्हां झालेली मजल खरोखर मोठी आहे. पण ‘कुष्ठरोग गेला’ असें लोकांनीं ऐकलें, आणि चट्टा पाहून शंका घेणारी नजर मंदावली. वस्तुस्थिति अशी कीं इ. स. २०२३ मध्यें जगांत सुमारें १,८२,००० नवे रोगी नोंदले गेले, आणि त्यांतील १,०७,००० हून अधिक भारतांतले. त्यांत पंधरा वर्षांखालील मुलेंही आहेत. मुलांत नवा रोग सांपडणें याचा अर्थ, त्यांच्या आसपास कोणीतरी मोठें माणूस उपचारावांचून वावरत आहे.

हें माणूस उपचार कां घेत नाहीं? औषध महाग नाहीं; दवाखाना बहुधा फार दूर नाहीं. पुष्कळदां तर कुठेंच कांहीं दुखत नसल्यामुळें त्याला दवाखान्यांत जाण्याचें कारणच दिसत नाहीं. आणि जेव्हां दिसतें, तेव्हां घरांत मुलीचें लग्न ठरावयाचें असतें, भाड्याची खोली हातची जाईल अशी धास्ती असते, कारखान्यांत मुकादमाला कळेल ही भीति असते. तो पूर्ण बाह्यांचा सदरा घालूं लागतो. दोन वर्षें जातात, करंगळी वळूं लागते, आणि मग जें झांकावयाचें होतें तेंच चारचौघांस दिसतें. आतां जंतु मेला तरी हात पूर्वीसारखा होत नाहीं. रोगानें पहिल्यानें वेदनेचें तोंड बंद केलेलें असतें, भीतीनें माणसाचें. ३० जानेवारीच्या निमित्तानें इ. स. २०१७ पासून सरकारनें ग्रामसभांतून जी मोहीम चालविली तिचें नांव ‘स्पर्श’ असें आहे. ज्या रोगांत स्पर्शाचीच जाणीव हरपते आणि ज्याच्या रोग्यास लोक स्पर्श टाळतात, त्याला याहून समर्पक नांव मिळालें नसतें.

आपल्या शाळेंत या दिवशीं काय करावें, याबद्दल माझें मत साधें आहे. भाषण अर्ध्या तासांत आटोपावें, आणि उरलेल्या वेळांत प्राथमिक आरोग्य केंद्रांतील माणसास बोलावून, मुलांस आडोशाला एकेकटें घेऊन, पाठ व हात पाहावे. चट्टा पाठीवरही असूं शकतो आणि पाठ स्वतःची स्वतःस दिसत नाहीं. संशय आला तर तें वर्गांत मोठ्यानें बोलूं नये. पालकांस बोलावून सांगावें. ज्याच्या घरांत रोगी आहे त्याच्या सर्व माणसांची तपासणी करून घेतां येते, आणि निरोगी ठरलेल्यांस प्रतिबंध म्हणून रिफाम्पिसिनची एक मात्रा देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनें इ. स. २०१८ मध्यें केली आहे. तिनें धोका निम्म्याच्या आसपास कमी होतो. अगदीं जात नाहीं.

ज्यांच्या तळपायांची जाणीव उशीरा उपचारामुळें कायमची गेली आहे, त्यांस जंतु मेल्यावरही जन्मभर एक नेम पाळावा लागतो. रोज पाय कोमट नव्हे, गार पाण्यांत वीस मिनिटें भिजवावे; कढत पाण्याची पारख त्या पायांस नसते. मग तेल लावावें, तळवा आरशांत पाहावा, खडा किंवा फोड शोधावा, आणि सच्छिद्र मऊ रबराच्या खास तळाच्या वहाणा घातल्यावांचून अंगणांतही उतरूं नये. या वहाणा दवाखान्यांतून मिळत. पण त्यांचा घाट इतका निराळा होता कीं त्या पायांत दिसतांच लोक ओळखीत, आणि रोगी त्या घरीं ठेवून काट्याकुट्यांतून अनवाणी जाणें पसंत करीत. वहाणा वांटल्या जात. जखमा मात्र तशाच राहत. हें लक्षांत आल्यावर कारागिरांनीं मऊ तळ तोच ठेवून वरचा पट्टा आणि रंग बाजारांतल्या साध्या चपलेसारखा करावयास घेतला, म्हणजे ती घालून बाजारांत जाणाऱ्याकडे कोणी वळून पाहणार नाहीं.